बाहत्तर नंबरचा जोडा

अजायब सिंग रोडवेजमध्ये कंडक्टर होता आणि निवृत्त झाल्यावरही कंडक्टरच राहिला. आधी बसमध्ये तिकिटं फाडायचा, मग तरनतारनच्या आमच्या गुरुद्वाऱ्यात, दरबार साहिबात, जोडाघराच्या खिडकीत बसून पितळी टोकनं वाटायला लागला, एवढाच काय तो फरक. मी पलीकडे लंगरात, तव्यावर. आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझा नवरा गेला तेव्हा अडीनडीला हाच धावून आला, तेव्हापासून मी त्याला वीरा, म्हणजे भाऊ, म्हणते आणि तो मला मेजो. माझं खरं नाव गुरमेज कौर आहे, पण ते आता फक्त रेशनकार्डावर उरलंय.

जोड्यांची सेवा करायला आमच्यात मोठमोठी माणसं येतात. डॉक्टर येतात, जमीनदार येतात, कॅनडाहून आलेले पाहुणे महागडे कपडे घालून खाली बसतात आणि परक्याच्या चपला फडक्यानं पुसतात. लोकांच्या पायाची धूळ हाताला लागली की मनातला ताठा उतरतो म्हणतात. अजायबचा ताठा मात्र त्या खिडकीत बसूनच वाढला. तिथं त्याचाच कायदा चालायचा. खिडकी बुटकी, हा आत खाली स्टुलावर, त्यामुळे माणसाचं तोंड त्याला दिसायचंच नाही. दिसायचा तो फक्त हात. हातानं जोडा दिला की हातात टोकन, हातानं टोकन दिलं की हातात जोडा. जोडा द्यायचा तोही पुसून, चवडे बाहेरच्या बाजूला करून, वर हात जोडून. आणि टोकन नसेल तर जोडा नाही.

एकदा आमच्या गुरुद्वाऱ्याच्या प्रमुखांच्या, जथेदारांच्या, मेव्हण्यानं टोकन हरवलं. अमावास्येची जत्रा, बाहेर ही गर्दी, आणि तो खिडकीपाशी ओरडतोय, "अरे, तो बघ ना समोर, तपकिरी! माझाच आहे!"

"असेल," अजायब म्हणाला. "तपकिरी रंगाचं तुम्ही काही एकट्यानं कंत्राट घेतलेलं नाही."

"मी कोण आहे माहीत आहे का तुला?"

"मला हात दिसतो, तोंड दिसत नाही. बसा तिकडे पायरीवर. बंद करताना सगळे जोडे जातील, जो उरेल तो तुमचा."

बिचारा दिवसभर अनवाणी बसून राहिला. मी त्याला दोनदा डाळ-रोटी नेऊन दिली आणि दोन्ही वेळा हसू दाबत परत आले. जथेदार स्वतः आले तरी अजायब हलला नाही. जो उरेल तो तुमचा, हा जोडाघराचा नियम होता आणि त्यानं तो सख्ख्या बापासाठीही मोडला नसता. हे मी उगाच सांगत नाही. त्याच्या आयुष्याचं जे झालं ते या नियमापायीच.

त्याला एकच मुलगा, निशान. ट्यूबवेलच्या मोटारी दुरुस्त करायचा. हात चांगला होता, पण आमच्याकडे ज्याचा हात चांगला त्याला सगळे विचारतात, अजून इथंच? निशानलाही विचारत होते. लग्न झालं, राजविंदर घरात आली, हसती-खेळती, गिद्ध्याच्या नाचात सगळ्यांच्या पुढे. तिला आम्ही राजी म्हणतो. वर्षभरात निशाननं एजंट गाठला. विमानानं तुर्कस्तान, तिथून पुढे रात्री-अपरात्री पायी आणि होडीनं ग्रीस. सोबत शेजारच्या गावातला जगसीर. अजायब नको म्हणाला, पण त्याच्या नको म्हणण्यात जोर नव्हता. शेजारच्या गल्लीत तिघांची पोरं बाहेर होती आणि तिघांच्या गच्चीवर विमानाच्या आकाराच्या पाण्याच्या टाक्या होत्या.

निघायच्या दिवशी सकाळी निशान माथा टेकायला आला. पायात लग्नातली जुती होती, जरीची, चवड्यावर मोर काढलेला. राजीच्या माहेरून आलेली. बापाच्याच खिडकीत त्यानं जोडा दिला आणि बापानं नियमानं टोकन दिलं, बाहत्तर नंबरचं. सरोवरात स्नान करून, प्रसाद घेऊन तो बाहेर आला तेव्हा मी अजायबला चहा द्यायला तिथं उभी होते. निशाननं पिशवीतून प्रवासाचे नवे बूट काढले आणि पायरीवर बसून ते चढवले.

"बापू, जुती इथंच राहू दे," तो म्हणाला. "टोकन मी नेतो. परत येईन तेव्हा आधी इथं येऊन सोडवीन."

अजायबला ते मनापासून आवडलं. डोळे भरून आले होते, पण तो कंडक्टरच. "ने," तो म्हणाला. "पण टोकन हरवलंस तर बघ. पोटचा पोरगा म्हणून सोडणार नाही. अनवाणी ठेवीन."

निशान हसला. दोरा ओवून त्यानं टोकन गळ्यात घातलं आणि शर्टाच्या आत टाकलं. बाप-लेकांचं तेच शेवटचं बोलणं.

पुढे काही महिन्यांनी बातमी आली. रबरी होडी उलटली. कोण वाचलं, कोण नाही, एजंटला माहीत नव्हतं, मग त्याचा फोनही बंद झाला. निशानचा पत्ता नाही, जगसीरचा पत्ता नाही. निशानची आई नसीब कौर त्याच हिवाळ्यात गेली. ती आधीच दम्याची, पण मी सांगते, ती दम्यानं गेली नाही.

गावानं वर्षभर वाट पाहिली. मग चार म्हातारे अजायबच्या अंगणात येऊन बसले. एकजण म्हणाला, "अजायब सिंहा, पाठ ठेवू, भोग घालू. पोराच्या जिवाला शांती मिळेल."

"कोणत्या पोराच्या?" अजायबनं विचारलं.

एकानं पगडी नीट केली.

"त्याचा जोडा माझ्याकडे जमा आहे. टोकन बाहेर आहे. टोकन बाहेर असेपर्यंत माणूस आत आहे, एवढं मला कळतं. चहा घ्या आणि जा."

ते चहा पिऊन गेले. आणि जोडाघरात दररोज शेवटी सगळे जोडे जायचे आणि एकच उरायचा. जो उरेल तो तुमचा, हे वाक्य अजायबनं हजार लोकांना ऐकवलं होतं. त्या जोड्यासमोर कुलूप लावताना त्याला ते आठवत असेल का, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. दर अमावास्येला तो जुती खाली काढायचा, तेल लावायचा, जरीवरची धूळ फुंकायचा आणि परत ठेवायचा. मग ग्रंथी भाईजींकडे जाऊन अरदास करवायचा. शब्द ठरलेले होते. परदेशी गेलेला निशान सिंग, त्याला सुखरूप घरी आण. भाईजींना ते इतके पाठ झाले होते की अजायबला बघताच ते मान डोलवायचे.

आणि राजी? राजीचं काय सांगू! ती डोक्यावर रंगीत चुन्नी घेत राहिली. सासरा वाट बघतोय म्हटल्यावर सून विधवेची पांढरी चुन्नी कशी घेणार? बांगड्याही ठेवल्या. बायकांना ते बघवेना. राजी माझ्यासोबत लंगरात सेवेला यायची, तिथं एकदा तव्याशीच एक म्हणाली, "हिरव्या बांगड्या! कुणाला दाखवायच्या म्हणते मी?"

"तुला," मी म्हटलं. "तुझ्या नवऱ्यानं कधी घेतल्या नाहीत ना तुला, म्हणून. लाट पुढची, करपतेय."

राजी मान खाली घालून लाटत राहिली. संध्याकाळी अजायब सेवेवरून घरी आला की ती दारात पाणी घेऊन उभी असायची आणि विचारायची, "बापूजी, आलं का कुणी?"

"आज नाही," तो म्हणायचा. "उद्या येईल."

"मग हात धुवा, ताट वाढते."

भिंतीपलीकडून मी हे रोज ऐकायचे. एवढं बोलणं झाल्याशिवाय तो जेवायला बसत नसे. आधी आधी मला गहिवरून यायचं, नंतर नंतर चीड यायला लागली. असं कुणी आपल्या तरुणपणाचं मातेरं करतं का?

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात जगसीर आला. जिवंत! ग्रीसमध्ये कुठल्या तरी शेतावर संत्री तोडत होता, पकडला गेला, परत पाठवला. धुक्यातून एक हडकुळा पोरगा राजीच्या दाराशी येऊन उभा राहिलेला मी गच्चीवरून बघितला. अजायब सेवेवर होता. दोघं दारातच बोलले. तो खाली बघून बोलत होता आणि ती चौकट धरून उभी होती. मी जिना उतरून धापा टाकत पोचेपर्यंत तो गेलाही होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही, चाची. दोघांची ताटातूट झाली म्हणे तुर्कस्तानातच. त्याला काही माहीत नाही."

त्या संध्याकाळी मी कान देऊन ऐकलं. "बापूजी, आलं का कुणी?" तिनं रोजच्यासारखंच विचारलं. "आज नाही, उद्या येईल," तो म्हणाला. जगसीर येऊन गेल्याचं तिनं त्याला जेवताना सांगितलं, आणि तो उलट खूश झाला. ताटातूट झाली म्हणजे निशान त्या होडीत नव्हताच, असा हिशोब त्यानं लावला.

जगसीर पुन्हा दिसला नाही. कामाला गुजरातकडे गेला म्हणाले.

या वर्षी राजीचा भाऊ सुखचैन तिच्यासाठी स्थळ घेऊन आला. पट्टी गावात एक माणूस होता, शाळेची बस चालवणारा, बायको बाळंतपणात गेलेली, लहानशी मुलगी. माणूस भला होता, मी स्वतः चौकशी केली. राजी ऐकेना. एकच पालुपद, "बापूजींना कोण बघेल?" तेव्हा मी अजायबला गाठला. खिडकीशी वाकले, माझं तोंड त्याला दिसेल अशी.

"वीरा, त्या पोरीला तू इथं खिळ्याला टांगून ठेवलीयस."

"मी कुठं धरलंय तिला?"

"तुझ्या या जुतीनं धरलंय. तू एकदा म्हण, गेला. एवढाच शब्द. मग ती मोकळी."

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "आणि तो आला तर? त्याला काय सांगू, मेजो? तुझा जोडा ठेवला आणि बायको देऊन टाकली?"

मी रागारागानं लंगरात गेले आणि दोन रोट्या करपवल्या.

अशात जुनं जोडाघर पाडून नवं बांधायचं ठरलं. नवे कप्पे, नवी टोकनं, सगळं मोठं. जथेदार स्वतः येऊन अजायबशेजारी जमिनीवर बसले. मेव्हण्याची गोष्ट त्यांनी कधीच मनात ठेवली नव्हती. "भाई अजायब सिंग," ते हळूच म्हणाले, "सोमवारी सुतार फळ्या काढतील. ती जुती तेवढी घरी नेऊन ठेव."

"टोकनाशिवाय जोडा हलत नाही, जथेदारजी."

"अरे, तुझ्याच मुलाचा आहे ना?"

"म्हणूनच हलत नाही."

सोमवारी सुतार आले तेव्हा अजायब बाहत्तर नंबरच्या कप्प्याला पाठ लावून बसला होता. बाकीच्या फळ्या निघाल्या. खिळ्यांवरची टोकनं गोणीत पडली. दुपार झाली. दर्शनाला आलेले लोक थांबून बघायला लागले, कुणी मोबाइल काढला, त्याला मी हाकलला. सुतार हात चोळत उभा. म्हाताऱ्याला उचलून बाजूला करायची कुणाची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणाला तसं करायचंही नव्हतं. जथेदार हात जोडून परत परत तेच सांगत होते. अजायब परत परत तेच म्हणत होता, "टोकन आणा."

मी लंगरात जाऊन राजीला सांगितलं, "ये बाई, तूच समजाव. तुझं ऐकेल."

ती कणीक मळत होती. तिनं परातीतून हात काढले, पण धुतले नाहीत. माझ्यामागून आली आणि लोकांना सारून पुढे झाली, थेट खिडकीशी. मला वाटलं आता ती रडेल, पाया पडेल. तिनं चुन्नीचं टोक ओढलं, दातांनी गाठ सोडली आणि काहीतरी खिडकीच्या फळीवर ठेवलं. पितळेचा आवाज झाला.

अजायबनं मान वर केली नाही. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप पुढे आला, अंगठा आकड्यावरून फिरला आणि तिथंच थांबला.

मग तो उठला. वळून त्यानं कप्प्यातून जुती काढली, खांद्यावरच्या फडक्यानं पुसली, एक पाय, मग दुसरा, चवड्यावरचे मोर पुसले. चवडे बाहेरच्या बाजूला करून फळीवर ठेवली. वर हात जोडले. आणि जोडता जोडता त्याला समोरचा हात दिसला. कणकेनं भरलेला, हिरव्या बांगड्यांचा.

तो वाकला आणि पहिल्यांदाच स्वतःहून त्या खिडकीतून त्यानं वर कुणाच्या तोंडाकडे बघितलं.

"पुत्तर," तो म्हणाला, "हे तुझ्याकडे कधीपासून?"

"जगसीर देऊन गेला, बापूजी. तेव्हा."

"तेव्हा?" त्याला ते समजायला वेळ लागला. "मग तू मला रोज विचारत होतीस ना? आलं का कुणी म्हणून? रोज?"

"तुम्ही उद्या येईल म्हणालात की जेवत होतात," राजी म्हणाली. "नाही विचारलं असतं तर जेवला नसतात."

मी खांबाला टेकले. दोन वर्षं मी भिंतीपलीकडून त्या पोरीवर मनातल्या मनात चिडत होते, आणि ती चुन्नीच्या टोकाला मरण बांधून म्हाताऱ्याला जेवू घालत होती.

"जगसीर काय म्हणाला?" अजायबनं विचारलं.

"ते पाण्यात एकाच डब्याला धरून होते. डबा दोघांना पेलेना. ह्यांनी गळ्यातला दोरा काढून त्याच्या गळ्यात घातला." तिचा आवाज अजून नीट होता, तिनं तो फार जपून ठेवला असणार. "म्हणाले, बापूला दे. सांग, हरवलं नाही."

सुतारानं हातातली पटाशी खाली ठेवली.

अजायबनं आणखी एकच गोष्ट विचारली. रडला नाही, ओरडला नाही. जन्मभर लोकांचे जोडे सांभाळणारा माणूस जे विचारेल तेच त्यानं विचारलं.

"पायात काय होतं त्याच्या?"

राजीनं फळीवरची जुती उचलून छातीशी धरली. तो तिच्याकडे बघत राहिला. शेवटी ती म्हणाली, "काही नाही, बापूजी. बूट होडीत चढतानाच काढायला लावले होते सगळ्यांना."

"अनवाणी," अजायब म्हणाला. "मी म्हणालो होतो त्याला."

आणि तो खाली बसला. आधी स्टुलावर, मग स्टुलावरून जमिनीवर, आणि सगळ्यांदेखत एखाद्या लहान मुलासारखा रडला. मी आत शिरून त्याचं डोकं पोटाशी धरलं. जथेदार डोळे पुसत लोकांना, चला, पुढे चला, म्हणत होते. राजी बाहेर जुती छातीशी धरून उभी होती. आता तिचाही आवाज फुटला होता, आणि तो ऐकवत नव्हता.

बऱ्याच वेळानं अजायब उठला. टोकन अजून मुठीतच होतं. इतकी वर्षं रिकाम्या राहिलेल्या त्या खिळ्यावर त्यानं ते अडकवलं. "काढ बाबा फळी," तो सुताराला म्हणाला. "आता कुणाचं काही जमा नाही."

मग आम्ही तिघं सरोवराभोवतीच्या परिक्रमेतून दरबार साहिबाकडे गेलो. भाईजींनी अजायबला बघितलं आणि सवयीनं मान डोलावली. उभे राहिले, हात जोडले, परदेशी गेलेला निशान सिंग, असं म्हणणार तोच अजायब पुढे झाला.

"भाईजी, आज शब्द बदला," तो म्हणाला.

भाईजी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांना समजलं आणि त्यांनी मान खाली घातली. पण तिकडे लक्ष न देता अजायब राजीकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि दुसरी अरदास हिच्यासाठी करा. ही माझी मुलगी. हिचं घर वसायचंय."

राजीचं लग्न झालं, पट्टीच्याच त्या माणसाशी. तिला निरोप द्यायला अजायबच उभा राहिला. मोराची जुती ती घेऊन गेली नाही, त्याच्याकडेच ठेवून गेली. नव्या जोडाघरात तो अजून सेवेला येतो, पण टोकन हरवलेल्या माणसाला आता पायरीवर बसवत नाही. कोणता जोडा म्हणता, तो घ्या, म्हणतो. लोक म्हणतात, म्हातारा मऊ झाला.

संध्याकाळी तो घरी आला की मी भिंतीवरून हाक मारते, "वीरा, हात धू, ताट वाढते." तो येतो, बसतो. पहिला घास घ्यायच्या आधी थोडा वेळ थांबतो, माझ्याकडे बघतो, आणि मी काहीच विचारत नाही म्हणून जेवायला लागतो.